वाजंत्री नवरदेवाकडे द्या

लग्न ठरलं की हॉल, जेवण, बस्ता, दागिने यांवर दोन्ही घरं तासन्‌तास बोलतात. वाजंत्रीचं मात्र ‘बघू नंतर’ असं होतं आणि शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी ओळखीचा डीजे ठरतो. मग मारुतीच्या देवळापुढे परण्या तासभर हलत नाही, मुहूर्त टळतो आणि मंडपातली म्हातारी माणसं अक्षता मुठीत धरून ताटकळतात. हे थांबवणं नवरदेवाच्याच हातात आहे. नाचणारे त्याचे मित्र असतात. ते वडिलांचं, मामांचं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात. म्हणून हे खातं नवरदेवाने पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घ्यावं.

तारीख पक्की झाली की होणाऱ्या बायकोबरोबर वही घेऊन बसा. हळद, संगीत, सीमांतपूजन, परण्या, अक्षता, पंगत, वरात, घरी असेल तर गोंधळ, असं क्रमाने लिहा. प्रत्येकापुढे वेळ, कोण वाजवणार आणि पैसे कोणाच्या बाजूने, हे लिहा. वाद नेहमी या तिसऱ्या गोष्टीवरून होतात. कधी काही वाजवायचं नाही, तेही त्याच वहीत यावं. कन्यादान, सप्तपदी आणि पाठवणी या तीन वेळी स्पीकर बंद असावा, असं माझं ठाम मत आहे. गुरुजींचे मंत्र आणि माणसांचं रडणं यांवर सिनेमाचं गाणं चढवू नये.

मग दोन्हीकडच्या आज्यांना विचारा. घराण्याची काही रीत असते आणि ती डीजेवाल्याला माहीत नसते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण विधींची गाणी म्हणते. अशा बायका आता थोड्याच उरल्या आहेत, तेव्हा हॉलच्या आधी तिची तारीख घ्या. गोंधळ घालायचा असेल तर संबळ-तुणतुणं घेऊन येणारे गोंधळी आपल्या कुळाचे कोण, हेही आजीच सांगेल.

सुपारी देण्यापूर्वी त्या मंडळींना दुसऱ्या कुणाच्या लग्नात प्रत्यक्ष ऐका. मोबाइलवरची चित्रफीत पाहून ठरवू नका. ठरलं की कागदावर घ्या: माणसं किती, सनई किती आणि ताशा किती, तास किती, जादा तासाचा दर, गाडीभाडं, जनरेटर कोणाचा, इसार किती दिला. वैशाखातल्या दाट तिथीला एकच बँड दिवसात दोन-तीन लग्नं घेतो. तुमच्याकडे तो किती वाजता येणार आणि किती वाजेपर्यंत थांबणार, हे बँडमास्तरच्या सहीने असू द्या.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते, तिची चौकशी आधीच पोलीस ठाण्यात करा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहाला त्यात सवलत आहे, लॉनला नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, म्हणून वरातीचा रस्ता आधी पायी चालून बघा. हॉलवाला गाण्यांच्या परवान्याचे पैसे मागत असेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52(1)(za) दाखवा. लग्नाची मिरवणूक आणि लग्नातले समारंभ यांना त्यात सूट आहे.

आता परण्याची वेळ. ती मुहूर्तापासून उलटी मोजायची. मुहूर्त 12.30 चा असेल तर नवरदेव 12 ला मंडपाच्या दारात हवा, शेवटचं गाणं 11.45 ला संपायला हवं, म्हणजे 10.45 ला निघायला हवं. शेवटचं गाणं कोणतं, हे बँडमास्तरला आदल्या दिवशी सांगा. मित्रांमधला जो सगळ्यात जास्त नाचतो, त्यालाच मिरवणूक वेळेत नेण्याचं काम द्या. घोड्यावर बसल्यावर तुम्हाला काही सांगता येत नाही.

मंगलाष्टकांकडे मात्र जीव लावून बघा. बहुतेक मंगलाष्टका शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीला 19 अक्षरं. आत्या-मावश्या हौसेने नवीन रचतात. त्या चालीत बसतात का, हे त्यांच्याकडून आधी म्हणवून घ्या. म्हणणाऱ्यांची यादी चार-पाच जणांवर थांबवा आणि क्रम ठरवून गुरुजींना द्या. हातात धरायचा एकच चांगला माईक पुरतो. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि त्याच क्षणी सनई-ताशा उठायला हवा. पुष्कळदा तो उठत नाही, कारण वाजंत्री मंडपाच्या कडेला खांबाआड बसवलेले असतात आणि त्यांना अंतरपाट दिसत नाही. त्यांची बैठक समोर घ्या. तेवढी जागा नसेल तर एखाद्या मामेभावाला मध्ये उभं करा. गुरुजींचा हात वर गेला की त्याने रुमाल हलवायचा. एवढ्याने तो क्षण साधतो.

पंगतीला आवाज इतका ठेवा की शेजारी बसलेल्याशी न ओरडता बोलता यावं. स्पीकर म्हाताऱ्या माणसांच्या बाजूला नको. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला गाणी मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या. लॉनवर नेटचा भरवसा नसतो.

शेवटचं काम वाजंत्र्यांचं जेवण. सकाळपासून फुंकणारी, बडवणारी ही माणसं बहुतेक लग्नांत सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं जेवतात. अक्षता पडल्या की त्यांना पहिल्या पंगतीला बसवा आणि राहिलेले पैसे पाकिटात घालून आदल्या रात्रीच भावाकडे देऊन ठेवा, म्हणजे निघताना त्यांना कुणाला शोधावं लागणार नाही.