पेगन कोणाला म्हणायचे?

रोमचा इतिहास शिकवताना 'पेगन' हा शब्द दरवर्षी समोर येतो. त्याच्या सहवासात जे उमगले ते असे.

१. आधी शब्दाचे गाव शोधावे. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे ग्रामीण टापू आणि तिथे राहणारा तो 'पागानुस'. त्याचा देवधर्माशी संबंध नव्हता. शेतकऱ्याला इंग्रजीत 'पेझंट' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

२. सोपी व्युत्पत्ती मिळाली की तिथेच थांबू नये. खेड्यांत जुने देव टिकले म्हणून बिगरख्रिस्ती तो पागानुस, म्हणजे खेडूत, असे पाचव्या शतकाच्या आरंभी ओरोसियस या ख्रिस्ती इतिहासकाराने सुचवले. पण सिमॅकसचे काय? 384 साली विजयदेवतेची वेदी सिनेटमध्ये परत बसवा, अशी सम्राटाला विनंती करणारा हा माणूस खुद्द रोम शहराचा प्रमुख होता! काही अभ्यासक सैनिकी बोलीकडे बोट दाखवतात. तिथे 'पागानुस' म्हणजे फौजेबाहेरचा. ख्रिस्ती लोक स्वतःला ख्रिस्ताचे सैनिक म्हणवत, म्हणून बाकीचे सगळे पागानुस. तिसरे मत एवढेच सांगते की पागानुस म्हणजे आपल्या गटाबाहेरचा. मला हेच जास्त पटते, कारण खेडूत काय आणि बिगरसैनिक काय, दोघेही बोलणाऱ्याच्या वर्तुळाबाहेरचेच.

३. ज्यांना हे नाव मिळाले त्यांना ते नको होते. इसिस देवीची भक्ती करणारी बाई, मिथ्राचा उपासक शिपाई, प्लेटो वाचणारा पंडित यांना एका नावाखाली यावे असे कधी वाटलेच नव्हते. त्यांची मोट दुसऱ्यांनी बांधली.

४. हे आपल्याकडेही घडले आहे. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना 'जेंतिउ' म्हटलेले आढळते. कुठ्ठाळीहून आपल्या देवाला, मंगेशाला, प्रियोळला नेणारी माणसे त्या कागदांत नुसती जेंतिउ उरतात. मंगेश त्या शब्दात कुठेच नाही. मला याचे फार वाईट वाटते.

५. आज युरोप-अमेरिकेत काही जण स्वतःला अभिमानाने पेगन म्हणवतात. त्यांनी स्वतः निवडलेले नाव आपणही आदराने वापरावे.

६. अनुवादकांना एक विनंती. 'पेगन' दिसला की लगेच 'पाखंडी' किंवा 'मूर्तिपूजक' लिहू नका. मूळ मजकुरात दैवताचे, गावाचे नाव सापडत असेल तर ते लिहा.