गर्दीतले एकटेपण

शास्त्रवाचन : स्तोत्र १०२

शहरात माणसांची वाण नसते. चाळीत शेजार, बसमध्ये रेटारेटी, कचेरीत शंभर तोंडे. तरीही दिवसभरात आपुलकीने नाव घेऊन हाक मारणारे कोणी भेटेलच असे नाही. ही गोष्ट आपण सहसा बोलत नाही. एकटे वाटते असे म्हणणे म्हणजे विश्वास उणा पडणे, अशी आपली समजूत असते. ती खरी आहे काय, हे या पाठात पाहू.

आपण जे बोलत नाही ते कधी कधी चित्रकार बोलून जातो. एडवर्ड हॉपर (१८८२–१९६७) हा अमेरिकन चित्रकार १९१३ पासून मरेपर्यंत न्यूयॉर्क शहरात वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ राहिला. १९४२ साली त्याने पुरे केलेले 'नाइटहॉक्स' हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. रात्रीची वेळ, निर्मनुष्य रस्ता. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात विजेचा लख्ख उजेड आहे आणि काचेआड चारच माणसे : एक जोडपे, आपल्याकडे पाठ करून बसलेला एक गृहस्थ आणि पांढऱ्या कपड्यांतला वाढपी. जोडप्याचे हात जवळजवळ आहेत, पण ती एकमेकांकडे पाहत नाहीत. आणि रस्त्यावरून आत जायला दार कोठेच दिसत नाही. नकळत आपण मोठ्या शहराचा एकाकीपणा रंगवला असावा, अशा अर्थाचे हॉपर पुढे बोलला.

चित्राच्या नावात रात्रीचा पक्षी आहे. आपल्या स्तोत्रातही पक्षी आहे. हा दुःखी कवी रात्रभर जागा आहे आणि धाब्यावर एकट्या बसलेल्या चिमणीशी स्वतःची तुलना करतो. ही तक्रार अविश्वासाची म्हणून कोणी पुसून टाकली नाही. ती पवित्र शास्त्रात राहिली आणि उपासनेत सर्वांच्या तोंडी आली. तेव्हा एकटेपण बोलून दाखवणे हे पाप नव्हे. हॉपरची माणसे कोणाशीच बोलत नाहीत. स्तोत्रकर्ता मात्र पहिल्याच वचनात परमेश्वराला हाक मारतो, आणि पुढे सीयोनेत एकत्र जमणाऱ्या लोकांचा विचार करतो.

चित्र दुःखाला वाचा देते, पण ते कोणाशेजारी जाऊन बसू शकत नाही. ते काम आपले. बदलीवर आलेला तरुण, शिकण्यासाठी खोली घेऊन राहणारी मुलगी, मुले परगावी गेलेली विधवा आजी, ही सर्व आपल्याच बाकांवर असतात. आशीर्वचन होताच आपण ओळखीच्यांचा घोळका करून उभे राहतो आणि ती चपला घालून निघून जातात. मंदिराचे दार उघडेच असते. पण आपल्या घोळक्याला दार असते काय?

शिक्षकांसाठी : मुलांना कागद व खडू द्यावेत आणि 'मी एकटा किंवा एकटी असते तेव्हा' हे चित्र काढण्यास सांगावे. चित्र सुधारू नये, त्याला गुण देऊ नयेत. मूल सांगेल तेवढे शांतपणे ऐकावे. एखाद्या चित्राने मनाला चुटपुट लावली, तर त्याच आठवड्यात त्या घरी भेट द्यावी.

विचारासाठी प्रश्न :
१. स्तोत्रकर्ता आपले दुःख कोणाला सांगतो? आपण कोणाला सांगतो?
२. आपल्या मंडळीत उपासनेनंतर कोण एकटे घरी जाते?
३. येत्या रविवारी त्यांच्यापैकी कोणाला आपण जेवायला बोलवू?