बटतलेचा लाकडी ठसा संगणकावर

कोलकात्याच्या उत्तरेकडील चितपूर रस्त्याच्या आसपासचा मुद्रकांचा परिसर बटतला या नावाने प्रसिद्ध झाला. गंगाकिशोर भट्टाचार्य यांनी १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘अन्नदामंगल’ हे पहिले सचित्र मुद्रित बंगाली पुस्तक मानले जाते. पुढे बटतलेत लाकडी ठशांवरून सुटी देवचित्रेही निघू लागली. त्यांपैकी काहींवर नृत्यलाल दत्त यांच्यासारख्या कोरक्यांची नावे आढळतात.

अशा चित्राचा भास संगणकावर निर्माण करावयाचा, तर मूळ छाप कशी उमटत असे हे आधी जाणून घेतले पाहिजे. लाकडाचा कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला काळा उमटतो. मधली करडी छटा येथे नाहीच. म्हणून छायाचित्र प्रथम कृष्णधवल करावे. नंतर ‘थ्रेशोल्ड’ या आज्ञेने त्यातील प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा ठरवावा. ० ते २५५ या श्रेणीतील १२८ हा आकडा आरंभी घेऊन, चेहरा नीट ओळखू येईपर्यंत तो कमीअधिक करावा. सावल्या आता सपाट काळ्या झालेल्या दिसतील. त्यांवर पांढऱ्या रंगाच्या बारीक समांतर रेषा स्वतःच्या हाताने ओढाव्यात. काम कंटाळवाणे आहे खरे. परंतु तयार फिल्टर सर्वत्र एकाच जाडीच्या रेषा देतो. कोरक्याचे हत्यार मात्र गालावर हलके चाले आणि वस्त्राच्या चुण्यांवर जोर घेई.

रंगांच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. जुनी छपाई म्हटली की ते रंगाचा सबंध थर किंचित बाजूला सरकवतात. हा दोष रंगीत शिळामुद्रणाचा होय. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि कागद सरकला की तो रंग सर्वत्र एकाच दिशेने ढळे. बटतलेतील रंगीत चित्रांत काळ्या छापेवर हाताने, तेही झपाट्याने, रंग भरीत. साहजिकच तो कुठे रेषेबाहेर जाई, तर कुठे रेषेपर्यंत पोचतच नसे. तेव्हा काळ्या रेषांचा थर वर ठेवून त्यास ‘मल्टिप्लाय’ ही मिश्रणरीत लावावी, म्हणजे त्यातील पांढरा भाग पारदर्शक होतो. खालच्या थरावर दोन-तीनच रंग रुंद ब्रशने, रेषांची फारशी तमा न बाळगता भरावेत.

सर्वांत खाली फिकट पिवळसर कागद असावा. शेवटी काळ्याच्या मोठ्या पट्ट्यांत थोडे पांढरे ठिपके सोडावेत. तेथे शाई नीट बसत नसे.