परिचर्येची उच्चविद्या आणि पालघरचे पालक

पालघर-बोईसर पट्ट्यात जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला वैद्यकीच्या प्रवेशाइतके गुण पडले नाहीत, म्हणजे घरोघरी जी मसलत बसते तिच्यात नर्सिंगचा विषय बहुधा शेवटी आणि काहीशा खालच्या स्वरात निघतो. आणि निघाला तरी ‘तीन वर्षांत कोर्स होईल, कुठल्या तरी हॉस्पिटलात चिकटेल, मग लग्नाचे बघू’ या हिशेबापलीकडे तो सहसा जात नाही. या हिशेबात खोटे काही नाही, परंतु तो अर्धाच मांडलेला आहे. कारण जिला चार वर्षांची पदवी आहे, पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. आहे आणि तिच्याही पुढे डॉक्टरेट आहे, ती विद्या केवळ पोटापाण्याचा परवाना म्हणून मुलीच्या पदरात टाकणे म्हणजे तिच्या बुद्धीची किंमत आधीच कमी ठरवणे होय.

ही पदव्युत्तर शाखा कालपरवाची नव्हे. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात तिचा आरंभ १९५९ साली झाला, आणि आपल्या मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे. तिथवर जाण्याच्या वाटा दोन. पहिली सरळ: भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी, राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा आणि मग बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे. दुसरी वळणाची, पण कला-वाणिज्य शाखेच्या मुलींनाही मोकळी: जीएनएम या पदविकेची तीन वर्षे आणि त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन. कोणत्याही वाटेने आले तरी एम.एस्सी.च्या दारात परिचर्या परिषदेची नोंदणी, पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव एवढे दाखवावे लागते. या एका वर्षाकडे पालक वाया गेलेले वर्ष म्हणून पाहतात. माझ्या मते मात्र नियम करणाऱ्यांनी करून ठेवलेली ही सर्वांत शहाणी तजवीज आहे, कारण आपला जीव कोणत्या वॉर्डात रमतो हे मुलीला वर्गात बसून कळत नाही.

नर्सिंगमध्ये शिकण्यासारखे एवढे असते तरी काय, असा प्रश्न ज्यांच्या मनात येत असेल, त्यांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत भाजलेल्या एखाद्या कामगाराच्या खाटेशेजारची पहिली रात्र डोळ्यांसमोर आणावी. कामगाराचे वजन ६० किलो आणि शरीराचा ३० टक्के भाग भाजलेला असेल, तर दर किलोमागे आणि दर टक्क्यामागे ४ मिलीलिटर या रूढ सूत्राने पहिल्या २४ तासांत त्याला शिरेतून ७,२०० मिलीलिटर द्रव द्यावा लागतो, त्यातला निम्मा पहिल्या आठ तासांत. परंतु हे आठ तास इस्पितळात आल्यापासून नव्हे, तर भाजल्या क्षणापासून मोजावयाचे असल्यामुळे, जो दोन तास उशिरा पोचला त्याचे ३,६०० मिलीलिटर सहा तासांत, म्हणजे तासाला ६०० प्रमाणे गेले पाहिजेत. आदेश डॉक्टरांचा असतो हे खरे; पण तासातासाला लघवी मोजून ती ३० मिलीलिटरच्या खाली उतरू लागली आहे हे पहाटे तीन वाजता ओळखणारी आणि डॉक्टरांना आत्ताच उठवले पाहिजे हा निर्णय करणारी व्यक्ती परिचारिका असते. पाचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्यात शुश्रूषेचे कर्मचारी असलेली उपचार-खोली हवी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगितले ते उगाच नव्हे.

आता पैशाची बाब, कारण ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. राज्य सरकारच्या इस्पितळात अधिपरिचारिका म्हणून रुजू होणाऱ्या मुलीचे मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून आणि केंद्राच्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरचे ४४,९०० पासून सुरू होते, आणि या दोन्ही नेमणुकांना एम.एस्सी.ची अट नाही. परिसेविका, अधिसेविका हे वरचे हुद्दे मुख्यत्वे सेवाकालाने मिळतात. एम.एस्सी.ने प्रामुख्याने उघडते ते अध्यापनाचे दार: महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य व्हावयाचे तर ही पदवी अनिवार्य. सबब जिला शिकवण्याची वा एखाद्या विषयात खोल उतरण्याची ओढ नाही, आणि जी केवळ रात्रपाळीतून सुटका म्हणून इकडे वळू पाहते, तिने ही दोन वर्षे आणि फीचा खर्च टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय निवडताना आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका टोकाला १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र आहे आणि दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, जिथल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली सारा महाराष्ट्र हादरला होता. वैद्यक-शल्य परिचर्या बोईसरच्या अपघातांना उपयोगी पडेल. पण सामुदायिक आरोग्य, बाल आणि प्रसूती-स्त्रीरोग परिचर्या या विषयांना, त्यांच्या नावाला तितका भपका नसला तरी, या मातीत अधिक काम आहे. पाचवा विषय मानसिक आरोग्याचा. त्याच्याविषयी आपल्याकडे अजून कोणी धड बोलतही नाही.

रात्रपाळीची धास्ती घेणाऱ्या आईवडिलांना मी हसणार नाही. केईएम इस्पितळातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी कामाच्या जागीच झालेला हल्ला, आणि त्यानंतर २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच इस्पितळातील परिचारिकांनी केलेली त्यांची सेवा, या दोन्ही गोष्टी या व्यवसायाच्या इतिहासात एकत्रच वाचल्या पाहिजेत. भीतीपोटी मुलीला घरी बसवण्यापेक्षा चौकशी करावी: कपडे बदलण्याची खोली कुठे आहे, रात्री वसतिगृहापर्यंत सोबत कोण देते, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती नेमली आहे की नाही. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते म्हणून रोज बोईसरहून मुंबईला जाऊन-येऊन हे शिक्षण होईल, या भ्रमात मात्र राहू नये; सकाळपाळीची हजेरी आणि त्या प्रवासाचे तास यांचा मेळ बसत नाही.

शेवटी दलालांविषयी. परराज्यातल्या एखाद्या महाविद्यालयात ‘हजेरीची कटकट नाही’ असे सांगून जागा देऊ करणारा मनुष्य भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. हजेरीशिवाय मिळालेली नर्सिंगची पदवी रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे आणि नोंदणीच्या वेळी अंगाशी येणारीही. महाविद्यालय नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी वा अन्य मान्य विद्यापीठाशी संलग्न आहे का, परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का, याची खातरजमा कागदावर करावी, आणि निदान शंभर खाटांचे जे इस्पितळ त्याच्याशी जोडलेले असावे लागते, त्याच्या वॉर्डातून एकदा स्वतः फिरून यावे, कारण खाटा मोजून भागत नाही, त्यांवर रुग्ण आहेत का हे पाहावे लागते. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. निकालानंतर कचेरीच्या रांगेत उभे राहिलात, तर प्रवेशाची मुदत तुमच्यासाठी थांबणार नाही.