लहान देह, मोठा आवाज

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की शाहूपुरीत रात्री जयंती नाल्याच्या बाजूने ‘डराँव डराँव’ सुरू होते. अशाच एका रात्री आजीने विचारले, “एवढंसं बेडूक, एवढा आवाज आणतंय कुठनं रं?” मी कला शाखेचा विद्यार्थी, मला उत्तर देता आले नाही. म्हणून ग्रंथालय गाठले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे, तर सिंहाची गर्जना जवळून ११४ डेसिबलपर्यंत जाते. परंतु ब्राझीलमधील पांढरा घंटापक्षी अवघा पाव किलो वजनाचा असून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्याचा आवाज १२५ डेसिबल भरला! समुद्रातील स्पर्म व्हेलचा आवाज २३० डेसिबलच्या आसपास जातो. पण पाण्यातली मोजपट्टी निराळी असल्याने ही तुलना सरळ करता येत नाही. तरीही एवढे खरे की, आवाज देहाच्या आकारावर ठरत नाही.

मग तो कशावर ठरतो? घागरीच्या तोंडाशी बोललेला शब्द घुमतो, हे आपण लहानपणी अनुभवलेले आहे. प्राणीही अशाच युक्त्या करतात. आपल्याकडच्या मोठ्या बेडकाचा नर पावसाळ्यात पिवळाधमक होतो आणि त्याच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. तोंड मिटून तो फुफ्फुसातली हवा स्वरतंतूंवरून या पिशव्यांत ढकलतो. पिशव्यांचे ताणलेले पातळ कातडे आवाज चहूकडे पसरवते आणि तीच हवा परत फुफ्फुसात येते.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात उन्हाळ्यात किर्र आवाज करणारा सिकाडा कीटक पोटाच्या दोन्ही बाजूंचे पडदे स्नायूंनी झपाट्याने आतबाहेर करतो. नराचे पोट बरेचसे पोकळ असल्याने तो आवाज वाढतो. आपण त्यालाही रातकिडाच म्हणतो. पण खरा रातकिडा पंखावर पंख घासून वाजतो. दक्षिण भारतातील झाडावरच्या रातकिड्यांची एक जात तर पानाला भोक पाडते आणि त्यात बसून गाते. लहान चणीचे, कमी आवाजाचे नरच ही युक्ती अधिक करतात, असे बंगळूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

हा सगळा खटाटोप बहुतेक वेळा मादीसाठी असतो. ती अंधारात दूर कुठेतरी असते. तिच्यापर्यंत आवाज पोचला नाही तर नराचा वंश पुढे जात नाही. पण जो आवाज मादीला वाट दाखवतो, तोच शत्रूला आणि माणसालाही दाखवतो. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्यासाठी आपल्या देशात पूर्वी बेडूक मोठ्या प्रमाणावर मारले जात. शेतातले किडे खाणारा हा शेतकऱ्याचा सोबती नाहीसा होऊ लागला, तेव्हा १९८७ साली ही निर्यात बंद करण्यात आली.

आज बेडकाचे संकट निराळे आहे. त्याची डबकी बुजत आहेत आणि उरलेल्या डबक्यांवर आपला गोंगाट आहे. २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांना मनाई आहे, ती माणसाच्या झोपेसाठी. पण बेडकाची हाक घालण्याची वेळही नेमकी तीच! हाक ऐकूच गेली नाही, तर ती कितीही मोठी असून उपयोग काय?

हे सारे मी आजीला घागरीचा दाखला देऊन सांगितले. ती थोडा वेळ नाल्याकडे कान देऊन बसली आणि म्हणाली, “म्हंजे ती वरडत न्हाईत, बोलवत्यात.”

इतके वाचूनही मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नव्हते.