बटन भिंतीवरच असू द्या

आमची घरं दोन. अमरावतीत साईनगरात आम्ही राहतो ते स्लॅबचं, अलीकडचं. अकोल्यात जठारपेठेत आई-बाबा राहतात ते आजोबांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरून धावणाऱ्या वायरिंगचं. दोन्हीकडची काही बटनं मी प्रोग्रामची करून घेतली. म्हणजे बटनामागे छोटं सर्किट आणि रिले बसतो, आणि दाबल्यावर काय व्हावं ते फोनवरून ठरवता येतं. जाहिरातीत हे सगळं मुंबई-पुण्याच्या उंच फ्लॅटमध्ये घडतं. वऱ्हाडात मात्र इन्व्हर्टर, कूलर, मे महिना आणि आई, या चौघांशी जुळवून घ्यावं लागतं.

१. दुकानात जाण्याआधी बोर्ड उघडून पाहा.

जुन्या वायरिंगमध्ये बोर्डात फक्त फेज येतो आणि बटनातून दिव्याकडे जातो. न्यूट्रल वरच्या वर थेट दिव्याला. साध्या बटनाचं त्याच्यावाचून काही अडत नाही. प्रोग्रामच्या बटनाचं अडतं, कारण दिवा बंद असतानाही आतलं सर्किट जागं ठेवायला थोडी वीज लागते. ज्या बोर्डात प्लगचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल सापडतो. जिना, पॅसेज, न्हाणीघर इथल्या एकट्या बटनाच्या बोर्डात बहुधा नसतो, आणि नेमकी तीच बटनं आपल्याला आधी बदलायची असतात.

टेस्टर लागला नाही म्हणजे ती तार न्यूट्रल, असं समजणारे पुष्कळ भेटतात. ती तुटकी असू शकते, अर्थिंगची असू शकते, किंवा दिव्याकडे जाणारी रिटर्न असू शकते. अकोल्याच्या घरात तर सगळ्याच तारा लाल. आमच्या वायरमनभाऊंनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला: होल्डर, त्यात जुना पिवळा बल्ब आणि दोन उघडी टोकं. एक टोक फेजला, दुसरं संशयित तारेला. टेस्ट लॅम्प गप्प राहिला आणि खोलीतला एलईडी लागला, म्हणजे ती रिटर्न. दुसऱ्या तारेवर लॅम्प भक्क पेटला, पण भाऊ तेवढ्यावर थांबले नाहीत. अर्थिंगवरही तो पेटू शकतो, म्हणून मेन पाडून त्यांनी त्या तारेचा माग पार मेन बोर्डापर्यंत काढला आणि मगच होकार दिला.

न्यूट्रल नाही तर अर्थिंगला जोडून देतो, असं कोणी म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. अर्थिंगची ती तार पुढे कुठे सुटली तर फ्रिजच्या, कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो. वऱ्हाडात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात.

न्यूट्रल न लागणारी बटनंही मिळतात. ती स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतात, त्यामुळे बंद केलेला कमी वॅटचा एलईडी रात्रभर मिणमिणतो किंवा फडफडतो. दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा हे थांबतं. जमत असेल तर मी तरी न्यूट्रलची तार ओढून घेण्याच्याच बाजूचा.

२. बल्ब हुशार घेऊ नका, बटन घ्या.

घरात आलेला पाहुणा भिंतीवरचं बटन बंद करतो. बंद केलं की हुशार बल्बची वीजच तुटते आणि फोनवरून तो कितीही बोलावला तरी ओ देत नाही. बटनावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असं लिहिणारी घरं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा बल्ब साधा, स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानातला असू द्यावा.

३. लाइन आल्यावर काय व्हावं, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

पारसचं ५०० मेगावॉटचं वीज केंद्र अकोला जिल्ह्यातच आहे. नांदगावपेठचं १,३५० मेगावॉटचं अमरावतीच्या वेशीवर. ती वीज सगळी ग्रिडमध्ये जाते, आणि मे महिन्यात दुपारी आमची लाइन जायची ती जातेच. जाते त्याचं एवढं नाही. येते तेव्हा बटन काय करतं, हा खरा प्रश्न.

या बटनांत त्यासाठी तीन पर्याय असतात: बंद राहणं, चालू होणं, किंवा आधी होतं तसं होणं. कंपनीने आतून कोणता लावून पाठवलाय ते डब्यावर ठळक लिहिलेलं नसतं. 'चालू' लावलेला असला तर रात्री अडीच वाजता लाइन येते आणि घरातले सगळे दिवे एकदम डोळ्यांवर येतात. आता आमच्याकडे झोपायच्या खोल्या 'बंद'वर आहेत, आणि जिना व फाटकाचा दिवा 'आधी होतं तसं'वर.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. मोटरपंपाचे ऑटो स्विच काढून टाका आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. कारण हेच: लाइन आली की फीडरवरचे सगळे पंप एका क्षणी उचल घेतात आणि डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. घरातल्या दिव्यांनी डीपी जळणार नाही. पण कूलर, पंखे, मोटर सगळंच 'चालू'वर ठेवलं, तर त्या क्षणाचा झटका आपल्या वायरिंगला आणि इन्व्हर्टरला बसतोच.

४. बटनाने उलट उत्तर दिलं पाहिजे.

हे मला चांदूरबाजारच्या मामांनी शिकवलं. त्यांची संत्र्याची बाग. मी फोनवरून अंगणातला दिवा लावून दाखवला, तर मामांना त्याचं काहीच कौतुक नाही. "मोटर लागली का नाही, हे मले घरी बसून समजते. तुह्यं बटन सांगते का?"

मामांचं बरोबर होतं. शेतातला पंप फोनवरून चालवणाऱ्या, पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेल्या 'नॅनो गणेश' या यंत्राला नोकियाचा पुरस्कार मिळाला तो २००९ मध्ये. घरी हुशार दिवे लावायची टूम आपल्या गावांत येण्याच्या कितीतरी आधी. साध्या मोबाइलवरून शेतातल्या पंपाला फोन लावायचा. लाइन आहे का, मोटर चालू आहे का हे यंत्र आवाजातून सांगतं, आणि मग मोटर चालू किंवा बंद करायची. रात्रपाळीच्या विजेसाठी अंधारात, सापविंचवातून विहिरीपर्यंत जायचं वाचतं. ज्याचं शेत लांब आहे त्याला 'हुकूम पाठवला' आणि 'काम झालं' यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

घरच्या बटनांत काही स्वस्त प्रकार फक्त हुकूम घेतात. फोनवर दिसतं ते त्यांनी धरून चाललेलं असतं. भिंतीवरून कोणी दिवा बंद केला तरी फोनवर तो चालूच. घेताना दुकानदारासमोर दिवा हाताने बंद करून फोनकडे पाहावं. एवढी एकच परीक्षा घेतली तरी निम्मा माल गळतो.

५. एका बटनावर चार कामं लादू नका.

एकदा दाबलं तर हॉल, दोनदा दाबलं तर सगळं घर बंद, दाबून धरलं तर झिरोचा दिवा. हे सगळं करता येतं आणि पहिला आठवडा मजाही येते. पण दोनदा दाबण्याला काम दिलं, की पहिल्या दाबानंतर सर्किट क्षणभर थांबतं. दुसरा दाब येतोय का, ते त्याला पाहायचं असतं. तेवढ्यात माणसाला वाटतं बटन चाललं नाही. तो पुन्हा दाबतो आणि सगळं घर बंद होतं. जिन्यातलं बटन मी म्हणूनच एकाच कामाचं ठेवलंय. दोन दाबांचं काम पलंगाशेजारच्या बटनाला दिलं. तिथे घाई नसते.

६. खाली म्हणजे चालू.

आपल्याकडे बटन खाली असलं की चालू. आईची सवय अशी, की शेगावला दर्शनाला निघताना ती बोर्डावर नजर टाकते आणि सगळी बटनं वर दिसली की कुलूप लावते. जुन्या बटनामागे रिले बसवला की हा हिशेब मोडतो. बटन वर असूनही दिवा चालू असू शकतो, कारण तो मधेच फोनवरून लावलेला असतो. "मले समजतच नाही ब्वा, हे चालू हाये का बंद," असं आईने दुसऱ्याच दिवशी सुनावलं. मग तिथे बेलसारखं दाबून परत येणारं, बारीक लाल खुणेचा दिवा असलेलं बटन लावलं. खूण दिसली की चालू. 

७. कूलर दिव्याच्या रिलेवर टाकू नका.

डब्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या भारासाठी. मोटर सुरू होताना कितीतरी जास्त ओढते. ठिणग्या पडून रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि मग बटन बंद, कूलर चालू. कूलरला मधे कॉन्टॅक्टर हवा. तो असला आणि पंप वेगळ्या रिलेवर घेतला तर मात्र झकास सोय होते: बटन दाबलं की आधी नुसता पंप लागतो, ताट्या भिजतात, आणि पंखा चार-पाच मिनिटांनी. पहिला गरम भपका अंगावर येत नाही.

८. फाटकाच्या दिव्याला घड्याळ लावू नका, सूर्य लावा.

अमरावतीत नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो, जूनअखेर सातच्या सुमारास. सातचं घड्याळ लावलं तर थंडीत तासाभराहून जास्त अंगण अंधारात. बहुतेक बटनांत गावाचं ठिकाण टाकून सूर्यास्ताची वेळ धरता येते. अकोल्यात सूर्य अमरावतीहून तीनेक मिनिटं उशिरा मावळतो, तेही ते आपोआप सांभाळतं. आई तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावते, तोवर बाहेरचा लागलेला असतो.

९. इंटरनेट गेलं तरी बटन चाललं पाहिजे.

काही बटनांचा हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून आपल्या घरी परत येतो. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये एकाएकी बंद पडले, तेव्हा लोकांच्या ठरवलेल्या वेळा आणि फोनवरचे हुकूम जागच्या जागी थांबले. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा हे खरंच, पण केबल कुठे खणली गेली तर इन्व्हर्टर काय करणार? घ्यायच्या आधी राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढून पाहावी. भिंतीवरून दिवा लागला पाहिजे आणि ठरवलेली वेळही पाळली गेली पाहिजे.

वायरमनभाऊंनी अकोल्याच्या मेन बोर्डाच्या झाकणामागे एक कागद चिकटवलाय. कोणत्या बोर्डात रिले आहे, मूळ तारा कुठे टेप लावून ठेवल्यात, आणि रिले काढून साधं बटन कसं जोडायचं, हे सगळं त्यावर मराठीत आहे. मी अमरावतीत असतो. काही बिघडलं तर अकोल्यात बाबा गल्लीतल्या कोणत्याही वायरमनला बोलावतील आणि त्याला तो कागद दाखवतील. देवघराच्या आणि न्हाणीघराच्या बटनांना आम्ही हातच लावलेला नाही.