आरसा कोणाकडे वळवावा?

रविवारी प्रवचन ऐकताना कधी कधी आपल्या मनात येते, 'आज अमक्याने हे ऐकायला हवे होते!' वचन आपल्या कानांवर पडते, पण आपण ते शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो.

दावीद राजाचेही तसेच झाले (२ शमुवेल १२). त्याने उरीयाची पत्नी आपलीशी केली आणि उरीयाला लढाईत मरणाच्या तोंडी दिले. मग नाथान संदेष्ट्याने त्याला एक गोष्ट सांगितली. पुष्कळ गुरेमेंढरे असलेल्या एका श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी गरिबाचे एकुलते एक कोकरू घेतले. दावीद संतापला, त्याने शिक्षाही सुनावली. दुसऱ्याचे पाप त्याला लगेच दिसले. तो श्रीमंत म्हणजे आपणच, हे मात्र नाथानाला सांगावे लागले. तेव्हा दावीदाने सबब सांगितली नाही. पाप कबूल केले.

आपल्यासाठी नाथानाचे काम देवाचे वचन करते. म्हणूनच पापनिवेदनाची तयारी देववचनाच्या प्रकाशात करावी, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. मंदिरातला परुशीही प्रार्थना करीत होता (लूक १८:९-१४). पण त्याची नजर जकातदारावर होती.

संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत :

१. देवाचे आभार मानणे.
२. आपली पापे ओळखण्याची कृपा मागणे.
३. दिवसभरातील विचार, शब्द व कृती तपासणे.
४. क्षमा मागणे.
५. सुधारण्याचा निश्चय करणे.

आभार सर्वांत आधी का? कारण आपण न्यायाधीशापुढे नव्हे, तर आपल्यावर प्रेम करणाऱ्या पित्यापुढे बसलेलो असतो. तेथे लपवण्याची गरज उरत नाही.

या आठवड्यात रोज रात्री रोझरीनंतर शुभवर्तमानातील एक छोटा उतारा वाचू या आणि पाच मिनिटे शांत बसू या. जमिनीच्या हिश्श्यावरून भावाशी अबोला असेल, तर त्याची चूक आपल्याला तोंडपाठ असते. आपण बोललेला कठोर शब्द आठवतो का? आणि निश्चय मोघम नको. 'यापुढे चांगले वागू' म्हणणे सोपे आहे. 'उद्या भावाच्या घरी जाऊ' म्हणणे अवघड आहे. पण खरे परिवर्तन तेथूनच सुरू होते.

हे प्रभो, तुझ्या वचनाचा आरसा आमच्याकडे वळव. त्यात जे दिसेल ते मान्य करण्याचे धैर्य आणि तुझ्या दयेवर भरवसा आम्हांला दे. आमेन.